अक्कांना विचारा : रेडिओवर ‘मी आलो’ म्हणू की ‘मी आले’?

प्रिय अक्का,

नमस्कार. मी सोळा वर्षांची आहे. बेळगावच्या पश्चिमेला आठ-नऊ किलोमीटरवर आमचं गाव आहे. शहरातल्या कॉलेजात पीयूसी पहिल्या वर्षाला (म्हणजे अकरावीला) आहे, सायन्सला. शहरातल्या एका कम्युनिटी रेडिओ केंद्रावर आमच्या कॉलेजातल्या सहा मुलींची आवाज चाचणी झाली आणि त्यातून मला घेतलं. दर रविवारी संध्याकाळी अर्धा तास गाण्यांचा नवा कार्यक्रम मी करायचा आहे. नाव मीच सुचवायचं, गाणी मीच निवडायची. पहिला भाग पुढच्या महिन्यात लागेल.

आनंद झाला, खरं तेव्हापासून झोप नीट लागत नाही. चाचणीचं रेकॉर्डिंग मी पुण्यात नोकरीला असलेल्या दादाला पाठवलं. तो म्हणाला, “‘मी आलो, मी सांगतो’ काय म्हणतेस? मुलगी आहेस ना? आणि दर वाक्यात ‘खरं, खरं’. लोक हसतील. टीव्हीवरच्या बातम्या ऐकून शुद्ध बोलायला शिक.” तशी सवय करायला बघते आहे, खरं जीभ अडखळते आणि काय सांगायचं होतं तेच विसरायला होतं. माझा आवाजही मला मुळीच आवडला नाही. सर्दी झालेल्या लहान पोराचा वाटतो.

दुसरं म्हणजे, केंद्रावरचे सर म्हणतात कानडी गाणीही घे, थोडं कानडीतही बोल. माझं कानडी बाजारापुरतं आहे. गावातले काहीजण म्हणतात, मराठी पोरगीनं कानडी कशाला? माझी बाकावरची मैत्रीण कानडी घरातली आहे. ती म्हणते, सगळं मराठीच लावलंस तर आमच्या घरात कोण ऐकणार?

पप्पा नाही म्हणत नाहीत, पण होयही म्हणत नाहीत. संध्याकाळी उशीर होईल, अभ्यास बुडेल आणि गाणी लावून मिळणार काय, असं त्यांचं म्हणणं आहे. मला वाटतं, सगळ्यांच्या फोनमध्ये सगळी गाणी आहेत. माझा कार्यक्रम कोण आणि का ऐकेल? काय करू सांगा.

— एक वाचक, बेळगाव तालुका (नाव छापू नये)

*

बाळ,

‘मी आलो’ असंच म्हण.

कोल्हापूरपासून खाली आपल्या बेळगावापर्यंत बायका ‘मी आलो, मी जातो, मी करतो’ असंच बोलत आल्या. माझी आई असंच बोलायची, तिची आईही. रोप लावायला निघालेली बाई बांधावरून हाक मारते, “थांब गं, मी पण येतो.” त्यात काही चुकलेलं नाही, ती आपल्या भागाची रीत आहे. तुझ्या ‘खरं’चंही तसंच. आपल्याकडे ‘पण’च्या जागी ‘खरं’ येतं. “येतो म्हणाला, खरं आला नाही.” पुण्याच्या माणसाला हे कोड्यात टाकेल, मान्य आहे. पण तुझा कार्यक्रम पुण्यात पोचणारच नाही, हे दादाला सांग.

हे मी रागानं म्हणत नाही. तुझ्या सगळ्या प्रश्नांची किल्ली इथंच आहे, म्हणून जरा विस्तारानं सांगते. कम्युनिटी रेडिओ म्हणजे एका परिसरापुरतं छोटं केंद्र. त्याच्या प्रक्षेपकाला जास्तीत जास्त ५० वॅटची परवानगी असते, अँटेनामुळं तिचा परिणाम १०० वॅटपर्यंत धरतात. मनोरा जास्तीत जास्त ३० मीटर उंच. शिवाय एफएमची लहर सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की मागं सावली पडते. म्हणजे तुझा आवाज दहा-बारा किलोमीटर जाईल. त्या वर्तुळात कोण राहतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे : हिंडलग्याची, कंग्राळीची माणसं, शहापूर-वडगावातले मागावाले, तुझ्या गावच्या बायका, तुझ्या मैत्रिणीचं घर. त्यातली मराठी माणसं तुझ्यासारखीच बोलतात. त्यांच्यासमोर दुसऱ्याच गावच्या मुलीचं सोंग आणलंस तर आधी तीच गोंधळतील.

माझ्यावर हे होऊन गेलंय. १९८४ साली बीएच्या पहिल्या वर्षाला असताना मी एका आकाशवाणी केंद्रावर युववाणी या तरुणांच्या कार्यक्रमासाठी चाचणी दिली. ‘उच्चार ग्रामीण’ एवढ्या दोन शब्दांत मला परत पाठवलं. सहा महिने मी आरशासमोर उभी राहून ‘मी आले, मी गेले’ घोकलं, ‘खरं’ गिळून टाकलं आणि दुसऱ्या खेपेला पास झाले. माझा पहिला कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी आई रेडिओसमोर पाट मांडून बसली होती. पूर्ण अर्धा तास ती ऐकत होती. मी रात्री घरी पोचले तेव्हा तिनं विचारलं, “ती बाई बोलून गेली, खरं तुझं कधी लागायचं होतं?” तिला वाईट वाटू नये म्हणून मी सांगितलं की पुढच्या आठवड्यात. पुढं वीस वर्षं मी माइकसमोर बसले, पण ज्या आवाजात मी तिच्याशी बोलत होते त्या आवाजात रेडिओवर फार उशिरा बोलायला लागले. तू ती वर्षं घालवू नयेस असं मला मनापासून वाटतं.

एक पथ्य मात्र पाळ. वेळ, वार, केंद्राचा आकडा, माणसांची आणि गावांची नावं यात कुठंही घाई नको, आणि अक्षर खाऊ नको. तुझी बोली बोलीच राहू दे, पण स्पष्ट बोल. सैलपणाला बोली म्हणायचं नाही.

आता कानडीचं. माझ्या लहानपणी आमच्या घरात फळीवर एकच रेडिओ होता आणि त्याचा काटा दोन गावांमध्ये फिरायचा. ७६५ किलोहर्ट्झवर धारवाड, १२५१ वर सांगली. धारवाडचं केंद्र १९५० चं, सांगलीचं १९६३ चं. वडील कचेरीतून आले की धारवाड लावायचे, आई दुपारी सांगली. कुठल्या भाषेत गाणं चाललंय याचा विचार कोणी केल्याचं मला आठवत नाही, सूर बरा लागलाय की नाही एवढीच चर्चा. बेळगावजवळच सुळेभावी आहे. तिथं ८ एप्रिल १९२४ ला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ नावाचा मुलगा जन्मला. त्याचं घर कानडी, पण जग त्याला कुमार गंधर्व म्हणून ओळखतं आणि मराठी माणूस त्याला आपला समजतो. गदगकडचे भीमसेन जोशी मराठीत अभंग गायचे आणि कानडीत दासांची पदं, दोन्ही त्याच तन्मयतेनं. मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. तेव्हा गावात कोणी विचारलंच, तर यातलं एखादं नाव सांग आणि पुढं वाद घालू नको. सीमेचा प्रश्न आपल्या घराघरात आहे, माझ्याही आहे. पण कम्युनिटी रेडिओच्या परवान्यात राजकीय स्वरूपाच्या कार्यक्रमाला जागाच नाही. तो विषय तुझ्या अर्ध्या तासात येणार नाही आणि तो तुझ्यावर लादूनही घेऊ नको.

कामाचं बोलायचं तर, एक मराठी एक कानडी अशी मोजून वाटणी करू नकोस. ऐकणाऱ्याला ती वाटणीच ऐकू येते, गाणं राहून जातं. विषय धर आणि त्यात जे येईल ते येऊ दे. उदाहरणार्थ, सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी. चौडकं हे वाद्य तेच, भक्त तेच, आणि पदं दोन्ही भाषांत. लग्नातली गाणी घेतलीस तर आपल्या हळदीच्या ओव्या आणि त्यांची सोबाने पदं शेजारी शेजारी बसतात. आपल्या शाहिराचा डफ आणि त्यांची गीगी पदं एकाच भागात लावून बघ, तुझ्या मैत्रिणीचे आजोबा आणि तुझे आजोबा दोघं मान डोलावतील.

बोलण्यापुरतं कानडी देवनागरीत लिहून घे. “ईग ओंदु हाडु केळोण” एवढं वाक्य आधी बसव : आता एक गाणं ऐकूया. यात आपली मराठी जीभ एक खोडी करते. आपण शब्दाचा शेवटचा स्वर खातो. ‘हाडु’ म्हणजे गाणं, त्यातला उ गिळलास तर मागं राहतं ‘हाड’. तिथं सावध राहा. दुसरं, कानडीत ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. ‘केरे’तला पहिला ए आखूड, म्हणजे तळं. ‘केरी’तला लांब, म्हणजे गल्ली. कागदावर लांब स्वराखाली रेघ मार. वाक्यं मैत्रिणीकडून फोनवर बोलून घे आणि बसमध्ये ऐकत ये. आणि खरं सांगू का, सगळ्यात सरळ उपाय म्हणजे तिलाच दोन मिनिटं माइकवर आण. ती कानडीत सांगेल, तू मराठीत उत्तर दे. कॉलेजच्या कट्ट्यावर तुम्ही रोज असंच बोलत असणार. नावही मग सोपं आहे. आपलं अंगण आणि त्यांचं ‘अंगळ’, एका अक्षराचा फरक. ‘अंगण-अंगळ’ कसं वाटतं बघ. नाही आवडलं तर सोडून दे.

कोण ऐकणार, असं विचारलं आहेस. फोनमध्ये सगळी गाणी आहेत हे खरं नाही. सिनेमाची आहेत, गाजलेली आहेत. तुझ्या गावच्या भजनी मंडळाचं एकादशीचं भजन कुणाच्या फोनमध्ये आहे? तुझ्या आजीनं जात्यावर म्हटलेली ओवी कुठल्या ॲपवर मिळते? ते तू लावलंस की कंग्राळीची बाई हातातलं काम सोडून ऐकेल, कारण तिला पुढच्या रविवारी स्वतःचं मंडळ ऐकायचं असेल. सरकारच्या धोरणातही निम्म्याहून कमी नाही इतका मजकूर केंद्रानं स्थानिक पातळीवर तयार करावा अशी अट आहे. तुझ्या सरांना या रेकॉर्डिंगची गरज तुझ्याइतकीच आहे.

सिनेमाची आणि कंपन्यांची गाणी लावायला केंद्राला परवाना लागतो, रक्कम भरावी लागते. कशासाठी भरलेली आहे ते सरांना आधी विचार आणि तेवढ्यातूनच निवड. यूट्यूबवरून उतरवून आणलेलं गाणं लावायचं नाही. जुनं गाणं म्हणजे फुकट, असंही नसतं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रिकेचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, पण गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं नसू शकतं. आजीच्या ओवीवर कुणाची मालकी नाही, पण गाणाऱ्या आजीचा तिच्या गाण्यावर हक्क आहे. एका कागदावर तिची सही किंवा अंगठा घे, केंद्राच्या फायलीत ठेव.

भजनाचं रेकॉर्डिंग कसं करायचं ते मात्र मला नीट सांगू दे, कारण तिथं नव्या मुलांचं हमखास बिघडतं. फोन मधोमध सतरंजीवर ठेवलास तर घरी येऊन ऐकताना फक्त टाळ ऐकू येतील. टाळ जवळ आले की आवाज फाटतो. टाळकऱ्यांना नमस्कार करून विनंती कर : काका, दोन पावलं मागं उभे राहाल का? ते राहतात, कुणी रागावत नाही. फोन बुवांच्या समोर, पेटीच्या बाजूला, तोंडापासून हातभर अंतरावर, छातीच्या उंचीला स्टुलावर ठेव. खाली दुपट्याची घडी घाल, नाहीतर पायाचे ठेके उमटतात. फोन फ्लाइट मोडवर. देवळातला पंखा बंद करायला सांग. भजन सुरू होण्याआधी अर्धा मिनिट नुसतं रेकॉर्ड कर, कोणी बोलायचं नाही. त्या देवळाची ती शांतता नंतर जोडणी करताना सांध्यात भरायला लागते. जोडणीसाठी ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, दोन दिवसांत हात बसेल.

आणि लवकर जा. भजनाच्या आधी पखवाजवाले काका डाव्या पुडीला कणीक लावत असतात. परातीतून ओला गोळा घेऊन ते तो थापतात, बोटांनी पसरतात, एक थाप देतात, ऐकतात, पुन्हा चिमूटभर लावतात. पहिल्या थापेचा आवाज कोरडा आणि उंच असतो. कणीक जशी बसते तसा तो खाली खाली उतरत जातो, आणि एका थापेला देऊळ भरून येतं. काका मग हात पुसतात. हे सगळं मिनिटाभराचं आहे. ते रेकॉर्ड कर आणि तुझ्या पहिल्या भागाची सुरुवात त्यानं कर, बोलण्याच्याही आधी. वर्तुळातल्या प्रत्येक गावातला माणूस ते ओळखेल.

आता जे चुकलं ते सांगते, म्हणजे तुझ्याकडून होणार नाही. युववाणीत असताना अशाच एका मंडळाचं भजन मी लावलं होतं. वेळ कमी उरला म्हणून मी “सादर केलं भजनी मंडळानं” एवढंच म्हणून पुढं गेले. चारेक दिवसांनी एक वयस्कर माणूस केंद्राच्या फाटकावर आला. एसटी बदलत बदलत, दोन तासांचा प्रवास करून. ते पखवाजवाले होते. रागावले नाहीत. उभ्याउभ्याच विचारलं, “बाई, नावं वाचायला वेळ नव्हता का?” त्या दिवशी त्यांनी साऱ्या गल्लीला अंगणात बसवून रेडिओ लावला होता, पाहुणेही आले होते. सगळे शेवटपर्यंत नावाची वाट बघत राहिले. मी पुढच्या आठवड्यात नावं वाचली, पण तेव्हा गल्ली बसलेली नव्हती. आजही माझ्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव आहे.

म्हणून गाण्याआधी नाव आणि गाण्यानंतरही नाव. बुवा, पेटी, पखवाज, टाळकरी, सगळ्यांची. पेटी वाजवणाऱ्यालाही साथीदार म्हणून उरकू नकोस. आपल्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुऱ्यांनी आयुष्यभर पेटीच वाजवली आणि शिकवली, त्या गावात पेटीवाल्याचं नाव राहून जाता कामा नये. नाव कसं उच्चारायचं हे त्या माणसाच्याच तोंडून रेकॉर्ड करून घे.

तुझ्या आवाजाबद्दल. आपण स्वतःचा आवाज हवेतून ऐकतो तसा कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, त्यामुळं तो आपल्याला भरीव वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांतून आलेला भाग नसतो. प्रत्येकाला पहिल्यांदा स्वतःचा आवाज परका आणि पातळ लागतो, मलाही लागला. इतरांना तू कायमच तशी ऐकू येत आली आहेस आणि त्यातूनच त्यांनी सहाजणींत तुला निवडलं. जाड करायला जाऊ नको, घसा बसेल. माइकपासून एक वीत लांब बस आणि तोंड किंचित तिरकं ठेव, म्हणजे प, फ, ब, भ म्हणताना फुंकर आदळणार नाही. साधं पाणी जवळ असू दे, गार नको. कागद टाचून नेऊ नको. सुटे ठेव आणि उलटण्याऐवजी बाजूला सरकव, खसखस ऐकू येत नाही.

हिशोब असा बसतो. अर्ध्या तासातली दोन मिनिटं सुरुवातीची धून, केंद्राची ओळख आणि शेवट यात जातात. चार-चार मिनिटांची पाच गाणी म्हणजे वीस. उरली आठ, त्यातली तीन पाहुण्याला दे. तुला पाच मिनिटं. मिनिटाला एकशे दहा-वीस शब्द धरलेस तर साडेपाचशे-सहाशे शब्द, जास्त नाहीत. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य अक्षरन् अक्षर लिही, मधलं मुद्द्यांवर बोल. गायला सुरुवात झाली की तू थांब, कोणाच्या ओळीवर आपला आवाज घालायचा नाही. बोलताना सगळ्या बेळगावला उद्देशून बोलू नको. एक माणूस डोळ्यांसमोर धर. मी तुझ्या जागी असते तर भाकरी थापता थापता ऐकणारी एखादी काकी धरली असती.

तिला एक गोष्ट आठवणीनं सांग : ज्या फोनमध्ये रेडिओ आहे त्याला वायरचा इअरफोन जोडावा लागतो. ती वायरच अँटेना होते. ती लावल्यावर स्पीकर सुरू करता येतो. कित्येकांना हे माहीत नसतं आणि मग “तुझं स्टेशन लागत नाही” अशी तक्रार तुझ्याकडे येते.

राहिले पप्पा. त्यांच्याशी वाद घालू नको, त्यांना एका शनिवारी केंद्रावर घेऊन जा. काचेपलीकडची खोली, सर, बाकीच्या मुली, सगळं बघू देत. कार्यक्रम रविवारी संध्याकाळी लागणार म्हणजे तू तेव्हा तिथं असलंच पाहिजे असं नाही. शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर रेकॉर्ड कर, उजेड असतानाच्या बसनं घरी ये आणि रविवारी पप्पांच्या शेजारी बसून ऐक. सरांना ही सोय आजच विचार. परीक्षेआधी चार भाग पुढचे करून ठेवायचे, हेही पप्पांसमोरच सरांना सांग. लेखी संमतीवर पप्पांची सही घे, म्हणजे त्यांनाही आपण यात आहोत असं वाटेल.

मिळणार काय, या त्यांच्या प्रश्नाला पैशाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण एवढं त्यांना वाचून दाखव. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आकाशातल्या या लहरी जनतेच्या मालमत्ता आहेत. आधी २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना, मग २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रं काढायला वाट मिळाली. २००८ मध्ये आजच्या तेलंगणातल्या माचनूरला दलित बायकांनी संघम रेडिओ सुरू केला, तो त्याच चालवतात. साताऱ्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग आहे, तिथंही गावच्याच बायका बोलतात. माझ्या वेळी चाचणी घेणारे साहेब ठरवायचे की कुणी बोलायचं. तुझ्या वेळी तुझ्या गावाला स्वतःच्या तोंडानं बोलता येतं आणि त्यासाठी केंद्रानं तुला निवडलं आहे. मी पप्पांच्या जागी असते तर मुलीला बसस्टॉपवर सोडायला गेले असते.

दादालाही दुखवू नको, तो काळजीनंच बोलला. पहिल्या भागाचं रेकॉर्डिंग त्याला पाठव. पण त्याआधी एक काम. या एकादशीला देवळात लवकर जाऊन कणकेचा तो आवाज धर आणि पहिल्या भागाचा कागद मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठव. त्यात मला सगळ्यात वर मंडळातल्या माणसांची नावं बघायची आहेत, पखवाजवाल्या काकांचं पहिलं.

तुझी,
अक्का